कारखाना बुडाला, माणसाचे काय?

मागच्या दिवाळीत घराची झाडलोट करताना माळ्यावर पत्र्याची एक जुनी पेटी सापडली. तीत आईवडिलांच्या लग्नाचे काळेपांढरे फोटो होते आणि एका पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. पट्टी उजेडासमोर धरली तेव्हा कडेला बारीक रोमन अक्षरांत 'ओर्वो' असे नाव दिसले. ज्यांनी ते फोटो काढले होते ते छायाचित्रकार काका अजून आमच्याच गल्लीत राहतात. पट्टी घेऊन त्यांच्याकडे गेलो. ती हातात घेऊन ते म्हणाले, "अरे, कोडॅक आम्हांला कुठला परवडायला! ओर्वोवरच आमचा स्टुडिओ चालला. पुढे एकाएकी माल यायचाच बंद झाला. का बंद झाला, ते कुणी सांगितले नाही."

काकांना न मिळालेले उत्तर शोधू लागलो आणि थेट जर्मनीतील वोल्फेन या गावी जाऊन पोहोचलो. अर्थात पुस्तकांतून! वर्गात अर्थशास्त्र शिकवताना 'समाजवादी अर्थव्यवस्थेचे बाजारपेठीय अर्थव्यवस्थेत संक्रमण' हे शब्द मी अनेकदा उच्चारले आहेत. त्या शब्दांखाली किती माणसे गाडली गेली आहेत, याची जाणीव मला त्या पट्टीने करून दिली.

'ओर्वो' म्हणजे 'ओरिजिनल वोल्फेन'. पूर्व जर्मनीतील या गावी आग्फा कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस फिल्मचा कारखाना उभारला. 1936 साली बाजारात आलेली प्रसिद्ध रंगीत आग्फा फिल्म येथलीच. महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली, वोल्फेन पूर्वेकडे राहिले आणि कारखाना 'लोकांच्या मालकीचा' झाला. 1964 साली त्याच्या मालाला ओर्वो हे नाव मिळाले. भारताचा पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार चाले, त्यामुळे परकीय चलनाची चणचण असतानाही ही फिल्म आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत आणि चित्रपटांच्या कॅमेऱ्यांत पोहोचत असे. 1989 साली या एका कारखान्यात सुमारे 15 हजार माणसे कामाला होती व त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. फिल्मला उजेड चालत नाही. म्हणून कित्येक विभागांत पाळीचे सगळे तास काळोखातच काढावे लागत. हाताच्या स्पर्शाने यंत्र ओळखायचे, आवाजावरून शेजारीण ओळखायची, अशी ती नोकरी.

पूर्व जर्मनीत मोठा कारखाना म्हणजे केवळ पगाराची जागा नव्हती. मुलांचे पाळणाघर, दवाखाना, दुपारचे जेवण, ग्रंथालय, खेळाचा संघ, उन्हाळ्याच्या सुटीतले विश्रामगृह हे सगळे कारखान्याच्या छायेखाली असे. राहते घरसुद्धा पुष्कळदा त्याच्याच मार्फत मिळे. कामाचा हक्क त्या देशाच्या राज्यघटनेतच लिहिलेला होता आणि काम करू शकणाऱ्या वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी जवळजवळ नऊ नोकरी तरी करीत किंवा शिकत तरी असत.

येथे त्या राजवटीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ज्या राज्याला आपल्याच नागरिकांना कोंडून ठेवण्यासाठी भिंत बांधावी लागते, शेजाऱ्याला शेजाऱ्यावर पाळत ठेवायला लावावे लागते, त्याच्या राज्यघटनेतील हक्कांना फारसा अर्थ उरत नाही. मालकी लोकांची म्हणत, पण लोकांना कारखान्यात मोकळेपणी तोंड उघडण्याची सोय नव्हती. यंत्रे जुनी होती आणि गरजेपेक्षा अधिक माणसे भरलेली होती. वोल्फेनच्या फिल्म कारखान्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे कोळशाच्या एका जुन्या खाणीत सोडले जाई. त्या घाणेरड्या तळ्याला लोकांनी 'चंदेरी तळे' असे नाव दिले होते. शेजारच्या बिटरफेल्डच्या रासायनिक कारखान्यांच्या धुराने तर सगळा मुलूख काळवंडला होता. तेव्हा बदल हवा होता, आणि तो लोकांनीच मागितला होता.

9 नोव्हेंबर 1989 रोजी बर्लिनची भिंत उघडली. 18 मार्च 1990 रोजी पूर्व जर्मनीत पहिली आणि शेवटची मोकळी निवडणूक झाली आणि लवकर एकीकरण करू म्हणणाऱ्या पक्षांना मोठे यश मिळाले. 1 जुलै 1990 रोजी पश्चिमेचा मार्क पूर्वेत आला. त्याच दिवशी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी पूर्वेच्या प्रांतांत लवकरच बहरलेली भूमी दिसेल असे आश्वासन दिले. 3 ऑक्टोबरला दोन्ही देश एक झाले. ज्यांनी हे दिवस पाहिले त्यांच्या डोळ्यांतील आनंदाश्रू खरे होते.

पण 1 जुलैच्या त्या एका तारखेत पुढच्या साऱ्या दुःखाचे बीज होते. ते कसे, हे थोडे विस्ताराने पाहू. त्या आधी एक पश्चिमी मार्क परदेशातून कमवायचा तर पूर्वेच्या कारखान्यांना सरासरी 4 मार्क 40 फेनिग खर्च येत असे. म्हणजे 44 मार्क खर्चून केलेल्या वस्तूचे बाहेर 10 पश्चिमी मार्क मिळत. 1 जुलैला पगार एकास एक या दराने पश्चिमी मार्कांत बदलण्यात आले. वस्तू तीच, बाहेरचा भाव तोच 10 मार्क, पण खर्च मात्र जवळजवळ त्याच आकड्यात आणि आता पक्क्या चलनात! कोणता कारखाना असा धंदा करू शकेल? शिवाय पूर्वेचे पगार लवकरात लवकर पश्चिमेच्या बरोबरीला आणावेत, असे करार मालक संघटना व कामगार संघटना यांच्यात झाले, आणि त्या वाटाघाटींत दोन्ही बाजूंना वजन पश्चिमेकडील लोकांचेच होते.

गिऱ्हाईकही एकदम नाहीसे झाले. सोव्हिएत युनियन, पोलंड, हंगेरी येथील जुन्या खरेदीदारांजवळ पक्के चलन नव्हते. भारताशी असलेला रुपयांचा व्यवहारही त्या देशाबरोबरच संपला. आमच्या काकांच्या दुकानात ओर्वो का येईनाशी झाली, त्याचे मूळ येथे आहे. आणि घरचे गिऱ्हाईक? चाळीस वर्षे काचेआड पाहिलेला पश्चिमेचा माल आता हातात येत होता. पूर्वेच्या माणसाने पूर्वेचे दूधसुद्धा दुकानात तसेच ठेवले. त्याला दोष कसा द्यावा? 1990 च्या डिसेंबरपर्यंत पूर्वेचे औद्योगिक उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याखाली आले. लढाई नाही, दुष्काळ नाही, आणि सहा महिन्यांत निम्मी कारखानदारी बंद! औद्योगिक इतिहासात अशी उदाहरणे फार थोडी सापडतील.

हे सारे कारखाने विकण्याचे काम 'ट्रॉयहांड' नावाच्या सरकारी संस्थेकडे होते. शब्दाचा अर्थ 'विश्वस्त'. तिच्या ताब्यात सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि त्यांतील सुमारे 40 लाख कामगार आले. तिचे अध्यक्ष डेटलेव्ह रोवेडर यांचा 1 एप्रिल 1991 रोजी त्यांच्या घरी गोळी घालून खून झाला. त्यांच्यानंतर बिर्गिट ब्रॉयल या बाईंनी विक्रीचा सपाटा चालू ठेवला आणि 1994 च्या अखेरीस संस्था बंद झाली. या मालमत्तेचे 600 अब्ज मार्क येतील असा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात संस्था बंद होताना तिच्या नावावर 250 अब्जांहून अधिक मार्कांची तूट होती. 40 लाखांपैकी सुमारे 25 लाख नोकऱ्या गेल्या. विकलेल्या उद्योगांपैकी बहुतेक सारे पश्चिम जर्मनीतील मालकांकडे गेले. जे कागदोपत्री चाळीस वर्षे 'मालक' होते, त्या पूर्वेच्या लोकांच्या वाट्याला जेमतेम विसावा हिस्सा आला.

वोल्फेनचा कारखाना आधी तुकड्यांत वाटला आणि 1994 साली तोही मोडीत निघाला. 1998 पासून ओर्वो नावाची काळीपांढरी फिल्म करणारी एक लहानशी कंपनी तेथे उभी राहिली, पण 15 हजारांना तिचा काय उपयोग?

आता कोणी म्हणेल, "जर्मन सरकारने त्यांना उपाशी तर ठेवले नाही ना?" नाही ठेवले. हे मान्यच केले पाहिजे. रशियात पगारच महिनोन्महिने मिळाले नाहीत आणि 1990 साली सुमारे 64 वर्षे असलेले पुरुषांचे सरासरी आयुर्मान 1994 साली 58 च्याही खाली गेले. पूर्व जर्मनीच्या मागे मात्र पश्चिमेची तिजोरी उभी होती. बेकारभत्ता मिळाला, पेन्शन वाढले, पंचावन्नाव्या वर्षी लवकर निवृत्ती मिळाली. 'कमी तासांचे काम' नावाच्या योजनेत 1991 च्या वसंतात सुमारे 20 लाख माणसे होती व त्यांतील अनेकांचे तास शून्य होते! नाव कामगाराचे, पगाराचा काही भाग हातात, आणि काम काहीच नाही. काहींना सरकारी रोजगार योजनेत काम मिळाले ते आपलाच जुना कारखाना पाडण्याचे. ज्या हातांनी यंत्राला तेल घातले त्याच हातांनी ते भंगारात घालायचे. पोट भरले, पण 'माझा आता उपयोग काय?' या प्रश्नाला भत्त्यात उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर लोकांनी आपल्या आयुष्याने दिले, आणि ते आकड्यांत वाचता येते. 1989 साली पूर्व जर्मनीत सुमारे 1 लाख 99 हजार मुले जन्मली. 1994 साली जन्मली सुमारे 79 हजार. पाच वर्षांत पाळणे निम्म्याहून कमी झाले, असे महायुद्धाखेरीज क्वचितच घडते. उद्याचा भरवसा नसलेली तरुण बाई मूल कशाला होऊ देईल? 1991 ते 2017 या काळात पूर्वेतून पश्चिमेकडे गेलेल्यांतून परत आलेले वजा केले तर 12 लाख माणसे कमी भरतात. गेली ती मुख्यतः तरुण मुले, आणि त्यांतही मुली अधिक. वोल्फेनच्या उत्तरेला कामगारांसाठी बांधलेल्या मोठ्या वसाहतीतील इमारती पुढे रहिवाशांअभावी एकामागून एक पाडाव्या लागल्या.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. या कारखान्यांत करारावर आणलेले परदेशी मजूरही होते. 1989 साली सुमारे 60 हजार व्हिएतनामी आणि सुमारे 15 हजार मोझांबिकचे होते. कपात सुरू झाली तेव्हा पहिली कुऱ्हाड यांच्यावर पडली. मोझांबिकच्या मजुरांच्या पगाराचा एक भाग 'मायदेशी परतल्यावर मिळेल' म्हणून कापून ठेवलेला होता. परतल्यावर तो बहुतेकांना धडपणे मिळाला नाही, आणि ती माणसे म्हातारी होईपर्यंत मापुतोच्या रस्त्यांवर मोर्चे काढीत राहिली. इकडे जर्मनीत बेकार तरुणांचा राग उरलेल्या परक्यांवर निघाला. 1991 साली होयर्सवेर्डा येथे आणि 1992 साली रोस्टोक येथे त्यांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले. नोकरी गेलेला माणूस आपल्याहून दुबळा कोण ते शोधतो, हे सत्य कोणत्याही एका देशापुरते नाही.

या साऱ्यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. फिल्मचा धंदा पुढे जगभरच बुडाला. डिजिटल कॅमेरा आला आणि पश्चिमेतील आग्फाची फिल्म कंपनी 2005 साली दिवाळखोर झाली. खुद्द कोडॅकने 2012 च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सलाही कुलूप लागले. मग वोल्फेन आज ना उद्या बंद पडणारच होते, त्याचे एवढे दुःख कशाला?

माझे उत्तर असे की फरक अंतात नाही, गतीत आहे. 1982 साली अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात कोडॅकची सुमारे 60 हजार माणसे कामाला होती. ती संख्या कमी होत होत तीस वर्षे गेली. तेथेही दुःख झालेच. पण चाळिशीतला कामगार तेवढ्या अवधीत निवृत्त होतो, त्याचा मुलगा वेळीच दुसरा धंदा शिकतो, गावात दुसरे उद्योग येतात. वोल्फेनला मिळाली जेमतेम चार वर्षे. तीही अशी, की नवरा, बायको, मेहुणा, शेजारी सगळे एकाच कारखान्यात आणि सगळे एकाच वेळी घरी. अशा वेळी कोण कोणाला आधार देणार? जी वस्तू म्हातारी होऊन मरते तिच्यासाठी घर तयार असते. जी अपघातात जाते ती घराला घेऊन जाते.

"पण घाई केली नसती तर सगळी जनताच पश्चिमेकडे निघून गेली असती", असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे. 1990 च्या आरंभी दररोज सुमारे दोन हजार माणसे पूर्व सोडून जात होती. म्हणून चलन एकदम द्यावे लागले, हे मी मान्य करतो. पण चलन लवकर दिले म्हणून कारखानेही लवकर विकले पाहिजेत, असा नियम कोठे आहे? जॉर्ज ॲकरलॉफ आणि जॅनेट येलेन या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर 1991 सालीच हिशेब मांडून दाखविला होता की नव्या चलनात आपला चालू खर्च तरी भागवू शकतील अशा उद्योगांत फक्त 8 टक्के कामगार आहेत. त्यांनी उपायही सुचविला. सरकारने काही वर्षे पगाराचा काही भाग स्वतः भरावा आणि पगार वाढतील तशी ही मदत आपोआप कमी होत जावी. बेकारभत्ता नाही तरी द्यायचाच आहे, मग तोच पैसा काम चालू ठेवण्यासाठी का देऊ नये? ही सूचना कोणी मनावर घेतली नाही. पैसा खर्च झाला, पण माणसाला घरी बसविण्यासाठी झाला.

तेथील बेकारी आज एक आकडी टक्क्यांवर आली आहे. शहरे रंगविली गेली, नद्या स्वच्छ झाल्या, हवा श्वास घेण्यासारखी झाली. वोल्फेनजवळच्या थालहाइम येथे 1999 साली सुरू झालेली सौरऊर्जेची एक कंपनी काही वर्षे जगात अग्रेसर होती. 2012 साली तीही दिवाळखोर झाली आणि कोरियन मालकाकडे गेली. एकदा भाजलेल्या गावाला दुसरा चटका बसला. पगार अजून पश्चिमेपेक्षा कमी आहेत आणि मोठ्या अधिकाराच्या जागांवर पूर्वेची माणसे थोडीच दिसतात. 2025 च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत पूर्वेच्या पाचही राज्यांत परकीयद्वेषावर वाढलेला एक अति-उजवा पक्ष पहिला आला. त्याचे सगळे खापर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या कारखान्यांवर फोडणे भाबडेपणाचे होईल. पण 'तुमचे चाळीस वर्षांचे काम फुकट होते' असे ज्यांना एका उन्हाळ्यात ऐकविले गेले, त्यांच्या मुलांच्या मनात त्याचा काहीच अंश उरला नसेल, असे मानणे त्याहून भाबडेपणाचे होईल.

हे सगळे बेळगावच्या महाविद्यालयीन अंकात कशाला, असे कोणी विचारील. आपल्या या सीमाभागातील, कोकणातील आणि घाटावरील किती घरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली होती, ते वडीलधाऱ्यांना विचारा. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात दोन लाखांहून अधिक कामगार होते. त्या संपानंतर पुष्कळांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. तेथे समाजवाद संपला नव्हता, कारणे वेगळी होती. पण गिरणीची जमीन मोलाची ठरली आणि गिरणीतला माणूस बिनमोलाचा, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. गावी परतलेले असे एक मामा आमच्या घरी येत. ते रोज पहाटे साडेपाचला उठून अंघोळ करून कपडे घालून बसत. कोठे जायचे नसे.

आज तुम्ही वर्गात बसून ज्या नोकऱ्यांची स्वप्ने पाहता, त्याही नव्या यंत्रबुद्धीच्या वाऱ्यात टिकतील की नाही, याची चर्चा रोज चालते. यंत्र अडवून धरा, असे मी म्हणणार नाही. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने तसे म्हणू नये. पण जेव्हा कोणी तुम्हांला सांगेल की 'बदल अटळ आहे', तेव्हा त्याला एवढे जरूर विचारा : "किती वर्षांत? आणि मधल्या वर्षांचा खर्च कोणाच्या माथी?" बदल अटळ असू शकतो, त्याची गती मात्र माणसे ठरवितात. आणि ज्यांची नोकरी जायची असते, ती माणसे बहुधा ठरविणाऱ्यांत नसतात.

त्या निगेटिव्हच्या पट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत. पुन्हा काकांकडे गेलो आणि त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. वोल्फेनच्या बायका काळोखात काम करीत, हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही इकडे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचो, त्या तिकडे अंधारात ती बनवायच्या. एकमेकांना कधी दिसलो नाही बघ."